साहित्य आणि कृती

आमच्या घराण्यात कुणाला मूळव्याधीचा त्रास सुरू झाला की धाकट्या काकांना फोन जातो, कारण त्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. आणि कुणाला लिहावंसं वाटू लागलं की मला फोन येतो, कारण दोन दिवाळी अंकांत माझ्या कथा छापून आल्या होत्या. दोन्ही दुखण्यांकडे घराणं साधारण एकाच नजरेनं बघतं. बैठ्या माणसाला होतं, चारचौघांत बोलू नये, आणि वेळीच पथ्य पाळलं तर आटोक्यात राहतं.

गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून ताईचा फोन आला.

"अरे, सीईटीचा निकाल लागला."

"किती?"

"सत्त्याण्णव पर्सेंटाइल."

"अरे वा! पेढे कुठायत?"

पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "तिला काहीतरी झालंय. म्हणते, इंजिनिअरिंग करीन, पण लिहायलाही शिकवणारं कॉलेज पाहिजे. कथाबिथा."

"मग?"

"मग काय मग! तू ये."

मी गेलो. जायला मी दोन्ही बाजूंनी पात्र होतो. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, म्हणजे इंजिनिअर. आणि वर सांगितलेल्या दोन कथा, म्हणजे लेखक. थोडक्यात, भाचीला जे व्हायचं होतं ते झाल्यावर माणूस कसा दिसतो, याचा नमुना म्हणून मला बोलावलं होतं. मला बघून ती विचार बदलेल, अशी ताईला आशा असावी.

घरात सभा भरलेली होती. भावजी बँकेतले, त्यामुळे त्यांनी मुद्दे आधीच कागदावर काढले होते. "लेखक व्हायला आमचा विरोध नाही," ते म्हणाले, "पण त्याचा एक ठरलेला रस्ता आहे. चेतन भगत बघा. आधी आयआयटी दिल्ली, मेकॅनिकल. मग आयआयएम अहमदाबाद. मग बँक. आणि मग, २००४ साली, कादंबरी." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की कादंबरी लिहायला परवाना लागतो आणि तो बँकेतूनच मिळतो.

आत्याबाईंनी दोन दगडांवर पाय ठेवू नये एवढंच सांगितलं आणि दुसऱ्यांदा पोहे घेतले. शेजारचे काका मात्र तोडगा घेऊनच आले होते. "ते मराठीतून इंजिनिअरिंग निघालंय ना २०२१ पासून? तेच घ्या की. एका फीमध्ये दोन्ही." अमेरिकेतला चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर होता. त्यानं सांगितलं, की तिकडं हा प्रश्नच येत नाही. एमआयटीत (बोस्टनजवळच्या, आपल्या कोथरूडच्या नव्हे, हे आत्याबाईंना दोनदा सांगावं लागलं) विभागांना नावांऐवजी नंबर असतात. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकलवाले सहा नंबरचे, लेखनवाले २१ डब्ल्यू. शिवाय तिथं प्रत्येक इंजिनिअरला कला, मानव्यशास्त्र, समाजशास्त्र यांतले मिळून निदान आठ विषय करावेच लागतात, त्याशिवाय पदवी देत नाहीत. सगळे प्रभावित झाले. मग त्यानं फी सांगितली. भावजींनी फोन स्पीकरवरून काढला.

एवढा वेळ भाची गप्प होती. मी तिला गच्चीवर नेलं. "तुला नक्की काय पाहिजे गं? डिग्री पाहिजे का लेखनाची?"

"डिग्री नको रे, मामा. मी लिहिलेलं कुणीतरी वाचावं आणि कुठं फसलंय ते सांगावं, बास. आईला वाचायला दिलं तर ती म्हणते, छान आहे, जेवायला चल. बाबा शुद्धलेखन तपासतात. तू तर काय..."

"मी काय?"

"तू 'लिहीत राहा' म्हणतोस. म्हणजे तू वाचलेलं नसतं."

हे खरं असल्यामुळे मी विषय बदलला आणि प्रवेशाच्या अर्जाकडे वळलो.

कॅप राउंड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा अर्ज तुमची जात विचारतो, उत्पन्न विचारतो, अधिवास, नॉन क्रीमी लेयर, अल्पसंख्याक असाल तर धार्मिक की भाषिक, वडील सैन्यात आहेत का, होम युनिव्हर्सिटी कुठली. एवढी चौकशी लग्न जमवताना होत असती, तर निम्मी लग्नं टळली असती. नंतर येतो पर्याय अर्ज. त्यात कॉलेज आणि शाखा यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमानं लावायच्या, आणि एकदोन नव्हे, तीनशेपर्यंत लावता येतात. आयुष्यात कशाचेही तीनशे पर्याय माझ्या वाट्याला आले नाहीत. बदलीच्या वेळी तीन विचारायचे, आणि चौथ्याच ठिकाणी टाकायचे.

गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ आम्ही उघडली. शेकडो पानं. वर रकान्यांची नावं: जीओपीईएनएस, एलओपीईएनएच, जीएससीएस. भाची म्हणाली, "मामा, ही जी. एं.च्या कथेतल्या ओसाड गावांची नावं वाटतात." या तीनशे जोड्यांमध्ये कॉम्प्युटर होतं, कॉम्प्युटर आणि डेटा सायन्स होतं, कॉम्प्युटर आणि एआय होतं, कॉम्प्युटर आणि बिझनेस होतं. कॉम्प्युटर हल्ली एकटं राहतच नाही. भाची म्हणाली, "बघ ना, कशाकशाबरोबर जोडी लावलीय, नेमकी गोष्टीबरोबर नाही."

आम्ही आपले मग आडमार्ग धुंडाळले. आडमार्ग आहेतही. पिलानीच्या बिट्समध्ये एम.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्याला पहिल्या वर्षाच्या गुणांवर बी.ई.ही जोडून मिळतं. पण ती एम.एस्सी. गणिताची, अर्थशास्त्राची, जीवशास्त्राची. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटरबरोबर भाषाविज्ञान घेता येतं; पण तिथं वाक्याचं शवविच्छेदन शिकवतात, आणि भाचीला वाक्य जिवंत हवं होतं. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. अट एवढीच, की तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत. इंजिनिअरिंगचं कॉलेज सकाळी नऊला गिळतं आणि संध्याकाळी पाचला बाहेर टाकतं, म्हणजे दुसरी पदवी एकतर मुक्त विद्यापीठातून करायची, नाहीतर झोपेतून. शिवाय नवं शैक्षणिक धोरण आहेच. त्यात 'मायनर' नावाची सोय आहे, 'ओपन इलेक्टिव्ह' आहे. चार वर्षांत १६० ते १७६ क्रेडिटं गोळा करायची, त्यांतली थोडी आपल्या आवडीची. थाळी ठरलेली आणि लोणचं तुमच्या पसंतीचं, असा प्रकार. लोणचं संपलं असेल तर सायबर सिक्युरिटी घ्यायची.

इथं ताईनं तिचा नेहमीचा, साधा आणि अवघड प्रश्न विचारला. "इंजिनिअरिंगच्या कॉलेजात कुणी कधी साहित्य शिकलंय का?"

"ताई," मी म्हणालो, "इंजिनिअरिंगच्या कॉलेजात साहित्याशिवाय दुसरं काही शिकवतच नाहीत."

याला कोटी म्हणू नका. माझी ही बत्तीस वर्षांची उपपत्ती आहे. मराठीत 'साहित्य' हा शब्द तीन ठिकाणी ठळक अक्षरांत छापलेला सापडतो. पाककृतीच्या पुस्तकात, प्रयोगवहीत आणि बांधकामाच्या अंदाजपत्रकात. ताईचं साहित्य म्हणजे दोन वाट्या रवा, एक वाटी साखर. माझं साहित्य म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. आणि प्रयोगवहीतलं साहित्य म्हणजे लोलक, दोरा, स्टॉपवॉच. त्याच्याखाली 'कृती', मग 'निरीक्षणे', मग 'अनुमान'. साहित्य संमेलनाच्या मांडवात बसणाऱ्यांचं साहित्य या यादीत चौथं लागतं.

आता प्रयोगवहीच घ्या. गुरुत्व त्वरण काढायचा प्रयोग. लोलक हलवायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, सूत्रात घालायचा. उत्तर ९.८१ यायला हवं, हे न्यूटनच्या कृपेनं आधीच ठाऊक. आमचं आलं सात पूर्णांक काहीतरी. या हिशेबानं आमच्या लॅबमध्ये चालताना माणसं तरंगायला हवी होती. मग आमच्या बॅचमधला एक अनुभवी, म्हणजे नापास होऊन परत आलेला, मित्र कामाला लागला. त्यानं उत्तराकडून सुरुवात केली आणि उलटं गणित करत निरीक्षणांपर्यंत आला. मी म्हटलं, "लिही ९.८१." तो म्हणाला, "वेडा आहेस का? बरोब्बर आलं तर सर पकडतील. ९.७६ लिही. एका रीडिंगमध्ये थोडी चूक ठेव, आणि ती खोडून पुन्हा लिही. खाडाखोड दिसली पाहिजे."

कथालेखनाची कार्यशाळा याहून वेगळं काय शिकवते? शेवट आधी ठरवा. तिथून मागं या. पात्रं फार गुळगुळीत ठेवू नका. कुठंतरी खोट असू द्या, म्हणजे वाचकाचा विश्वास बसतो. आणि समोरचा वाचक मठ्ठ आहे असं कधी धरू नका, कारण त्यानंही विद्यार्थी असताना हेच केलेलं असतं.

हा पाया पक्का झाल्यामुळेच मी पुढं खात्यात टिकलो. माझं सर्वांत गाजलेलं लेखन त्या दोन कथा नव्हेत. एका ओढ्यावरच्या लहान पुलाला मुदतवाढ का द्यावी, याचं सहा पानी टिपण हे ते लेखन. त्यात पाऊस होता, वाळूची टंचाई होती, स्थानिकांचा विरोध होता, निसर्गापुढं हतबल झालेला माणूस होता. ते वाचून अधीक्षक अभियंत्यांनी चष्मा काढून पुसला. मुदतवाढ तीन वेळा मिळाली. माझ्या कथांना एकदाही मिळाली नाही. त्या वेळेत पाठवूनही परत आल्या.

आणि संस्थेच्या पातळीवर म्हणाल, तर मुंबईच्या व्हीजेटीआयनं एक कामगिरी करून ठेवली आहे, तिच्यापुढं कुठल्याही संपादकानं टोपी काढावी. ही संस्था १८८७ साली निघाली, राणीच्या राज्याच्या पन्नाशीची आठवण म्हणून. नाव व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. पुढं ११० वर्षांनी, १९९७ साली, ते बदलून वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं. व्ही, जे, टी, आय. एक अक्षर हललं नाही. आख्खं साम्राज्य काढून तिथं स्वराज्य बसवलं, आणि बनियन, बॅट, लेटरहेडवरचं बोधाक्षर, काही म्हणजे काही फुकट गेलं नाही. ज्या माणसाला हे सुचलं त्यानं कविता लिहिल्या नसतील, तर ते मराठीचं नुकसान आहे.

भावजींना उपपत्ती पटत नाही, त्यांना नावं लागतात. म्हणून नावं दिली. नंदा खरे, आयआयटी मुंबईचे सिव्हिल इंजिनिअर, बांधकामात आयुष्य काढलं आणि 'अंताजीची बखर' लिहिली. 'उद्या' या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी घेतला नाही. ("घेतला नाही?" भावजी पहिल्यांदाच मनापासून हादरले. "रक्कम किती होती?") अच्युत गोडबोले, आयआयटी मुंबई, केमिकल. व. पु. काळे इंजिनिअर नव्हेत, पण मुंबई महापालिकेत वास्तुविशारद, म्हणजे आमच्याच भावकीतले. मग मला जरा चेव आला आणि मी थेट रशिया गाठला. "डोस्टोव्हस्की! सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेतून १८४३ साली बाहेर पडला आणि वर्षभरात नोकरी सोडून लिहायला बसला."

"मग पुढं काय झालं?" ताईनं विचारलं.

"पुढं... सैबेरियात पाठवलं त्याला. सक्तमजुरीवर."

ताईनं पोह्यांची कढई उचलली आणि आत गेली. तो दाखला द्यायला नको होता.

शेवटी असं ठरलं, की पुण्याला जाऊन कॉलेजं प्रत्यक्ष बघायची. जुलैचा पाऊस, एक छत्री, भाची आणि मी. भावजींनी बरोबर तक्ता दिला होता: प्लेसमेंट, सरासरी पॅकेज, होस्टेल, मेसची फी. भाचीचा स्वतःचा तक्ता नव्हता. ती प्रत्येक ठिकाणी फक्त ग्रंथालय कुठं आहे ते विचारत होती.

पहिल्या कॉलेजात मार्गदर्शन कक्ष होता, एसी होता, सरबत होतं. तिथल्या सरांना मी हळूच विचारलं, "लेखनाचं काही आहे का तुमच्याकडं?" "आहे ना," सर उत्साहानं म्हणाले, "टेक्निकल रिपोर्ट रायटिंग. दोन क्रेडिट." "तसं नाही, कथा, नाटक..." "प्रोजेक्ट रिपोर्टात ऋणनिर्देश असतो," ते विचार करून म्हणाले, "तिथं मुलं खुलतात."

तिथल्या ग्रंथालयात वाङ्मयाचं एक काचेचं कपाट होतं, कुलूपबंद. किल्ली सरांकडे, सर मूल्यांकन समितीच्या तयारीत. भाचीनं काचेला नाक लावलं. पुस्तकं नवीकोरी, एकसारखी उभी, शाळेच्या संमेलनात पुढच्या रांगेत बसवलेल्या मुलांसारखी. "समितीसाठी आणलेली आहेत," ती म्हणाली. ग्रंथपालबाई हसल्या, नाही म्हणाल्या नाहीत.

दुसरीकडं कपाट उघडं होतं. भाचीनं एक जाडजूड कादंबरी काढली आणि पहिलं पान न बघता शेवटचं उघडलं. तिथं देय दिनांकाची चिठ्ठी असते ना, ती. वर तीन शिक्के, तिन्ही एकाच महिन्यातले, नंतर सगळं कोरं. "एकानंच तीनदा मुदत वाढवून घेतलीय," ती म्हणाली, "आणि मग पास होऊन गेला." आम्ही दोघं त्या अज्ञात वाचकासाठी क्षणभर थांबलो.

तिसऱ्या कॉलेजात जाईपर्यंत साडेपाच झाले. हे भावजींच्या यादीत खालून दुसरं. इमारत जुनी, दगडी, भिंतींना ओल. माझ्या व्यावसायिक मतानं वॉटरप्रूफिंग निघालेलं. ग्रंथालय बंद. भाचीचा चेहरा पडला. परत फिरणार, तेवढ्यात फाटकावरच्या वॉचमननं हटकलं.

"कुणाकडं?"

"ॲडमिशनसाठी बघायला आलो होतो."

"ऑफिस बंद झालं." मग भाचीच्या हातातल्या वहीकडं बघून तो म्हणाला, "नाटकवाली आहे का? नाटकवाले मागं आहेत, वर्कशॉपच्या शेडमध्ये. रात्री नवाला हाकलतो मी त्यांना."

"मग?"

"मग दहाला परत येतात," तो म्हणाला. तक्रारीचा सूर होता, पण त्यात काळजी होती.

शेडमध्ये लेथ मशीनवर ताडपत्री टाकलेली आणि मधल्या रिकाम्या जागेत दहाबारा पोरं. पुरुषोत्तम करंडकाची तालीम. पुण्यात १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चालते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजांत दोन जाती उरतात: पुरुषोत्तम करणारे आणि त्यांची हजेरी लावणारे. कोपऱ्यात एक किडकिडा मुलगा कागद घेऊन उभा होता, लेखक असावा. चेहऱ्यावरून ओळखू येतात. त्याच्यासमोर बॉयलर सूट घातलेली एक मुलगी, हाताला ग्रीस.

"हे आख्खं पान काढ," ती म्हणाली.

"अगं, पण तिथंच तर तिचं दुःख..."

"दुःख मागच्या पानावर कळलंय. इथं लोक खोकायला लागतात. काल तिघं खोकले, मी मोजले."

मुलगा क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि पानावर वरून खाली तिरपी रेघ ओढली. त्या रेघेचा आवाज पत्र्याखाली मलाही ऐकू आला.

मी भाचीकडं पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं ते मी फक्त पेढ्यांच्या दुकानासमोर पाहिलेलं आहे. तिला आयुष्यभर हवं होतं ते इथं फुकट मिळत होतं. लिहिलेलं वाचणारं, कुठं फसलंय ते सांगणारं, आणि वर खोकणाऱ्यांची संख्या मोजणारं माणूस.

"मामा," ती म्हणाली, "हे."

त्या रात्री साताऱ्यात पर्याय अर्जाची उलथापालथ झाली. भावजींनी विचारलं, खालून दुसरं कॉलेज वर कसं आलं? मी सांगितलं, वर्कशॉप उत्तम आहे. यात मी एकही शब्द खोटा बोललो नाही. पहिल्या फेरीत तेच मिळालं. पहिल्या पसंतीचं मिळालं की जागा आपोआप फ्रीझ होते, नंतर बेटरमेंटचा विचार करता येत नाही; त्यामुळे भावजींनाही करता आला नाही. जाताना ताईनं तिला एक वही दिली. पिठलं, खिचडी, शिरा. साहित्य, कृती. होस्टेलवर स्टोव्हला परवानगी नाही, हे ताईला ठाऊक होतं. पण आईनंही काहीतरी लिहायला हवंच ना.

परवा, पहिलं सत्र संपता संपता, भाचीचा फोटो आला. नाटकाचा नव्हे, प्रयोगवहीचा. तोच लोलक, तोच दोरा. साहित्य नीट, कृती नीट, निरीक्षणांत एक रीडिंग खोडून पुन्हा लिहिलेलं, रक्त बोलतंच. खाली 'अनुमान', आणि त्यात पोरगी वाहवत गेलेली. दीड पान. लोलक मध्यावर येतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, वगैरे. त्यावर सरांनी लाल पेनानं एक आडवी काट मारून बाजूला लिहिलं होतं: "अनुमान एका वाक्यात. बाकीचं वाचणाऱ्याला कळतं."

तीस वर्षं मी लिहितोय. इतका नेमका सल्ला मला कुठल्याही संपादकानं दिलेला नाही. मी लगेच कपाटातून माझी तिसरी, न छापलेली कथा काढली, शेवटचं पान उघडलं आणि पेन शोधू लागलो.